करुणापूरची रडणारी भिंत

करुणापूरच्या कॅथेड्रलमध्ये, गावाच्या मोठ्या ख्रिस्ती देवळात, त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जाफराबादहून जीपा भरून आल्या होत्या. त्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमानही होते. भाद्रपदातला उकाडा, बंद खिडक्या आणि तासभर चाललेली गाणी. सर्वांचे डोळे उत्तरेकडच्या भिंतीवर होते. ती आधी ओलसर झाली, मग तिच्यावरून थेंब ओघळू लागले.

"चाखून पाहा," गेले काही रविवार इथली प्रार्थना चालवणारे बंधू राजानंद म्हणाले. "खारट लागून राह्यलं ना? पाणी खारट नसतं, आसवं खारट असतात. खिडकी उघडू नका, आत्मा निघून जाईल."

हातभर जाड दगडातून आत आलेला आत्मा बंद खिडकीने अडतो कसा, हे कुणी विचारले नाही. पाळक धर्मराजांनीही नाही. ओस पडलेले देऊळ भरले, याचेच त्यांना समाधान होते.

या देवळाचा इतिहास गावाला पाठ होता. जुन्या दुष्काळात उपाशी माणसांनी ते बांधले. कामावर जेवण मिळे, आणि पंगतीत कुणाला जात-धर्म विचारत नसत. पुढे बिशपांची गादी इथे आली. त्या अन्नाची आठवण म्हणून देवळाच्या वाढदिवशी प्रत्येक घर, मग ते कोणत्याही धर्माचे असो, उत्तर भिंतीच्या कोनाड्यात मूठभर मीठ वाहते. ते मीठ कुणी काढत नाही. ते तिथेच जिरते.

पुढच्या बाकावर कौसल्या बारा वर्षांच्या अक्षताला घेऊन बसली होती. पोरीला मधुमेह, इन्सुलिन हाच तिचा आधार. आसवे प्यायल्याने आजार जातो, असे राजानंद सांगत; पण त्यांची अट होती, आसवे प्यायची तर सुई सोडायची. कौसल्येने सकाळची सुई चुकवली होती, आणि आता इन्सुलिनच्या उरलेल्या बाटल्या ती वेदीवर ठेवणार होती. अक्षता सारखी पाणी मागत होती.

"ताई, अशानं उद्यापर्यंत ही बेशुद्ध पडेल," तिची धाकटी जाऊ मीना म्हणाली. मीना शाळेत विज्ञान शिकवत असे.

"तुझं शिकवणं शाळेत ठेव. सुई टोचताना लेकरू रडतं, तव्हा तू असती का घरी?"

मीनाने भिंतीकडे पाहिले. प्रार्थनेआधी, भिंत कोरडी असताना, तिने तिच्यावर काचेचा एक वाडगा पालथा लावून कडा मेणाने बंद केल्या होत्या. शेजारच्या अकबरबी हसल्या होत्या, "काय गं, देवाला दम द्यायलीस का बिर्याणीवानी?" राजानंदांनीही मोठ्या मनाने परवानगी दिली होती. "लाव. देव काचेआडबी रडेल."

आता मीनाने बोट दाखवले. सगळी भिंत निथळत होती. काचेखालचा गोल मात्र कोरडा ठणठणीत होता.

"अविश्वासाला देव आसवं देत न्हाई," राजानंद म्हणाले.

"सकाळी तर देणार होता," अकबरबी म्हणाल्या. मागे कुणीतरी हसले. "पण बाई, आमच्या सासूच्या जमान्यात का न्हाई रडली ही?"

मीना म्हणाली, "तेव्हा खिडक्या उघड्या असायच्या, चाची. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तशी ही भिंत पाझरते. आतून पाणी आलं असतं तर काचेखालीबी आलं असतं. मीठ आपल्या आज्या-पणज्यांनी वाहिलेलं, आणि वाफ आपल्याच श्वासाची. इतके दिवस आपण आपलाच घाम प्यायलो."

पाळक धर्मराज उठले आणि त्यांनी स्वतः खिडक्या उघडल्या. वारा आत आला. राजानंद मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले; काही जण तरीही आसवे भरायला भिंतीला रिकाम्या बाटल्या लावून उभे राहिले.

कौसल्येने मीनाला विचारले, "मंग माझी लेक बरी न्हाई होणार?"

"न्हाई ताई. पण सुई घेतली तर जगेल. शिकेल, मोठी होईल."

कौसल्येच्या हातात वेदीवर ठेवायला आणलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. तिने त्या पदरात बांधल्या आणि अक्षताला हाताला धरून ती दवाखान्याकडे जाणाऱ्या जीपकडे निघाली.

भुकेल्याला अन्न देण्यातून जे देऊळ पवित्र झाले, त्याच्याच नावाने आजाऱ्याचे औषध काढून घेतले जात होते. श्रद्धा कुणी सोडावी, असे इथे म्हणणे नाही. मागणे एवढेच, की चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एक खिडकी उघडून पाहावी.