शेजाऱ्याची भवानी

सारायेवोच्या आमच्या तांबट आळीत हल्ली ठोके कमी आणि पर्यटकांचे फोटोच जास्त. बहुतेक दुकानांत कारखान्यातला माल. हातोडी चालते ती दोनच दुकानांत, माझ्या आणि शेजारच्या हुस्रेफ उस्तादांच्या. उस्तादांचं डोकं मात्र वर्षभरात पार विस्कटलंय. जेवले की नाही आठवत नाही, बायको वारली हेही विसरतात.

त्यांची लेक आल्मासा लढाईच्या दिवसांत स्वीडनला गेली ती तिकडचीच झाली. फोनवर ते "ये गं" म्हणायचे, म्हणून आपल्याला ओळखतील याबद्दल ती निर्धास्त होती. त्या सकाळी त्यांना कायमचं न्यायला आली, टॅक्सी आळीच्या तोंडाशी उभी करून. वडिलांच्या दुकानात गेली आणि लगेच माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"रागिबदादा, मला म्हणाले, 'या बाई, काय दाखवू?'"

मी हातोडी खाली ठेवली. म्हटलं, "मग गिऱ्हाईक म्हणूनच जा. कॉफीचं एखादं भांडं घे. विकताना खुलतात ते. मग हळूच विषय काढ."

गेली, आणि पुन्हा परत.

"आता काय झालं?"

"म्हणाले, 'माझी भवानी झाली. शेजारच्या रागिबची व्हायचीय, त्याच्याकडे घ्या.'"

मी कपाळावर हात मारला. ज्याची भवानी, दिवसाची पहिली विक्री, झाली त्यानं पुढचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे धाडायचं, ही आमच्या आळीची रीत. मला ती कशी आठवली नाही! पोटची पोर विसरला म्हातारा, पण माझा गल्ला रिकामा आहे हे बरं ध्यानात. रागच आला मला. मग डोळेच भरून आले.

तिला माझ्याकडचं एक भांडं विकलं आणि तिच्याबरोबर उस्तादांच्या दारात जाऊन ओरडलो, "झाली हो माझी भवानी!"

"हळू बोल, बहिरा नाही मी," उस्ताद म्हणाले. खुशीत त्यांनी तिला भांडं दाखवलं, आतली कल्हई दाखवली, कागदात गुंडाळून दिलं.

"उस्ताद, माझ्याबरोबर स्वीडनला चला ना," ती म्हणाली.

"छे हो! माझी लेक असते तिथं. यायचीय ती. दुकान बंद दिसलं तर बिचारी दारातनंच परत जाईल."

मी तोंड उघडणार तोच आल्मासानं माझा हात घट्ट दाबला.

"तिनंच पाठवलंय मला," ती म्हणाली. "मी तिची मैत्रीण. ती तिकडे वाट बघतेय तुमची."

"मग आधी नाही का सांगायचं, बाई!" उस्ताद ताडकन उठले. हात धुतले, टोपी घातली, कुलूप लावून किल्ली माझ्याकडे फेकली. "लक्ष ठेव रे. लेकीकडे जाऊन येतो."

टॅक्सीपर्यंत ते आमच्या पुढेच चालत होते. आत बसल्यावर मात्र आल्मासाकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"फार वर्षं झाली हो. मी ओळखेन ना तिला?"

"ओळखाल की," आल्मासा म्हणाली, आणि वाकून तिनं त्यांचा सीटचा पट्टा लावून दिला.