परक्या बाईचे शब्द

नवरा बोटीवरून घरी आला की त्यानं काय आणलंय ते मागून बघावं, आधी त्याच्यात काय बदललंय ते बघावं, असं येसूबाई सांगायची. तिचा स्वतःचा नवरा खलाशी म्हणून बसऱ्याला गेला आणि तिथंच दुसरं घर मांडून बसला, त्यामुळे या विषयात मिठागराच्या वस्तीत तिच्या बोलण्याला वजन होतं. शेजारच्या सत्यवतीला ते बोलणं आवडत नसे. पण उठून जायचंही तिच्यानं होत नसे.

सत्यवती धवलारीण होती. म्हणजे लग्न लावणारी बाई. रेवसपासून आत खारेपाटापर्यंत कुठल्याही आगरी घरात हळद लागली की तिला बोलावणं यायचं. मांडवात बसून ती धवले गायची, आणि ते गाऊन पुरे झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. तिला अक्षरओळख नव्हती, पण शेकडो ओळी डोक्यात एकापाठोपाठ एक उभ्या होत्या. त्यातली एकही कधी गळाली नव्हती. ओळ गळली तर नवरा-नवरीला बाधते, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आता गंमत बघा, दुसऱ्यांच्या गाठी इतक्या पक्क्या मारून देणाऱ्या या बाईला स्वतःच्या गाठीचीच धास्ती. नवरा दीड-दोन वर्षं समुद्रावर, पदरात मूल नाही, आणि शेजारी येसूबाई. धास्ती वाटेल नाही तर काय होईल!

सत्तावन्न साली शिमगा उरकल्यावर तिचा नवरा बुधाजी रजेवर आला. तोच काळासावळा, तोच हसरा. भात, कोलंबी, दुपारची झोप, सगळं पूर्वीसारखं. फक्त एक नवीन होतं. तो पुटपुटायचा. आंघोळ करताना, जाळ्याला गाठ मारताना, बांधावरून चालताना. पुटपुटणं तरी कसं, जोडीजोडीनं. आधी साहेबी वाटावा असा एक शब्द, मग जरा थांबून दुसरा, कुठल्या मुलखातला ते देव जाणे.

"वॉटर... आपा. शिप... वापोर. ब्रेड... पिइने."

"कसला जप चाललाय वो?" तिनं विचारलं.

बुधाजी दचकला. "काय न्हाय गो. बोटीवरची सवय."

बोटीवरून तो याआधी चारदा आला होता. चारही वेळा ही सवय नव्हती. पाणी कुठंतरी मुरत होतं.

येसूबाईला कळायला अर्थातच वेळ लागला नाही. "आमच्यांनी पण आधी भाषाच शिकली," ती सुपारी कातरत म्हणाली. "भाषेबिगर बाई कशी करनार? आधी पाणी मागायचं, मंग भाकर मागायची. म्होरलं काय सांगाया पायजे का?"

सत्यवती घरी आली ती ठरवूनच. रडायचं नाही, भांडायचं नाही, आधी पुरतं पकडायचं. आणि पकडायला तिच्यापाशी चांगलं हत्यार होतं. तो अंगणात पुटपुटायचा, ती आत चुलीपाशी बसून मनातल्या मनात मागोमाग म्हणायची. धवल्यांपुढे हे शब्द म्हणजे किस झाड की पत्ती! आठवड्याभरात तिला सगळे आले, त्याच क्रमानं, त्याच हेलात. अर्थ मात्र एकाचाही माहीत नव्हता.

अर्थासाठी ती शाळेतल्या चांगदेव गुरुजींकडे गेली. गुरुजी मॅट्रिक होते आणि इंग्रजी विचारणारं कुणी भेटलं की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा. लाँचवर एका साहेबाच्या तोंडून ऐकलं, असं तिनं दडपून सांगितलं.

"मदर म्हणजे आई," गुरुजी म्हणाले. "सन म्हणजे मुलगा. अलाइव्ह म्हणजे जिवंत. डोन्ट क्राय म्हणजे रडू नकोस."

"आनि वेट?"

"वेट म्हणजे थांब. वाट बघ."

सत्यवतीनं पदर सावरून विचारलं, "आनि त्याच्या मागोमागचा शब्द? वेट, अश्त्याप्ता?"

गुरुजींनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "हे काही इंग्रजी नव्हे. तोच अर्थ दुसऱ्या भाषेत सांगितलेला दिसतो. पोर्तुगीजच्या जातीची असेल एखादी. आपण पाव म्हणतो, चावी म्हणतो, पगार म्हणतो, ते त्यांचंच. कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात बोलतात ना, तसलं काहीतरी."

झालं! सत्यवतीला बाईचा पत्ता मिळाला. आई, मुलगा, जिवंत, रडू नकोस, वाट बघ. म्हणजे कोर्लईत एक बाई आहे, तिच्या पदरात मुलगा आहे, आणि तो मुलगा... पुढचा विचार तिनं केला नाही, पण विचार काय आपण केला तरच होतो असं थोडंच आहे?

दोन दिवसांनी, लांबच्या लग्नाचं ठरवायला जाते असं सांगून ती एस.टी.नं रेवदंड्याला गेली आणि होडीतून खाडी ओलांडून कोर्लईत उतरली. पहिल्याच वळणावर एक झगेवाली म्हातारी सुकट वाळवत होती. सत्यवती तिच्यापुढे उभी राहिली आणि मांडवात म्हणावं तसं खणखणीत म्हणाली, "मामा. फियु. वियु. अश्त्याप्ता."

म्हातारी बघतच राहिली. मग तिनं शेजारणींना हाका मारल्या. चार बायका जमल्या, सत्यवतीनं पुन्हा म्हणून दाखवलं, आणि चौघी हसायला लागल्या. "ही आमची बोली न्हाय, बाय," म्हातारी म्हणाली. "कुठून आनलीस गो?" त्यांनी तिला पाणी दिलं, मूठभर सुकटही दिली.

परत येताना तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट जीव जास्तच घाबरा झाला. कोर्लईची बाई असती तर एस.टी.नं जाऊन झिंज्या तरी धरता आल्या असत्या. समुद्रापलीकडच्या बाईचं काय करायचं?

वैशाखात बुधाजीला ताप भरला. अलिबागच्या डॉक्टरनं विषमज्वर सांगितला. तीन आठवडे सत्यवतीनं त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पेज भरवली, नवस बोलली. तापात तो बरळायचा तेही जोडीजोडीनंच. ती पट्टी बदलायची आणि ऐकायची. नवरा वाचावा म्हणून हात जोडायची आणि तो कुणासाठी बरळतोय म्हणून दात खायची. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही अगदी मनापासून.

ताप उतरला, आणि तापाबरोबर शब्दही उतरले.

हे तिला दोन दिवसांनी कळलं. बुधाजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. ओठ हलत होते. "मदर... मदर..." पुढं काही येईना. "सन..." तेही अडलं. मग हा थोराड माणूस तोंडावर हात घेऊन रडायला लागला. सत्यवतीनं त्याला आईच्या मरणात रडताना बघितलं होतं, त्यानंतर आजच.

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. परकी बाई धुऊन निघाली होती. पण दिवस जात होते आणि बुधाजी खात नव्हता. शेवटी तिनंच विचारलं, "कोन हाय ती?"

"कोन?"

"जिच्यासाठी ह्ये चाललंय ती."

बुधाजीनं तिच्याकडे बघितलं आणि बोलायला लागला. कुणाला सांगणार नाही अशी मी मिठावर हात ठेवून शपथ घेतली होती, म्हणाला, पण आता शब्दच गेले तर शपथ कशाची पाळू. मागच्या बोटीवर इंजिनाच्या कामाला त्याच्याबरोबर योन नावाचा एक जण होता. रुमानियाचा. लढाईनंतर देशातून पळालेला, परत पाऊल ठेवलं तर तुरुंगच. त्याची आई तिकडे काळ्या समुद्राच्या बंदरात एकटी. पत्र पाठवायची सोय नाही, लिहिलेला कागद बंदरात सापडला तर आईला त्रास. बुधाजीची पुढची बोट त्या बंदराला लागणार होती. मग योननं त्याला तोंडी शिकवलं. बुधाजीला बोटीवरचं इंग्रजी येत होतं, म्हणून योन आधी इंग्रजी शब्द सांगायचा आणि मागोमाग त्याच अर्थाचा रुमानियातला शब्द. आईपुढं उभं राहून ओळीनं म्हणायचं, बस. योन आता दुसऱ्या बोटीवर गेला होता, पुन्हा विचारायचं तर कुठं विचारणार?

"तिला पोरगा जिता हाय का मेला त्ये पण ठाऊक न्हाय गो," तो म्हणाला. "धा वर्सं."

सत्यवती ऐकत होती. गोष्ट चांगली होती. इतकी चांगली की येसूबाईनं ऐकली असती तर खो खो हसली असती. बसऱ्याहून तिच्या नवऱ्यानंही काय कमी गोष्टी कळवल्या होत्या?

"दुसऱ्याच्या आयशीपायी पुरुस रडतो व्हय?" ती म्हणाली.

बुधाजी विझल्यासारखा बसून राहिला. तिनं चार दिवस तसंच जाऊ दिलं. पाचव्या दिवशी तिला त्याच्या फासळ्या मोजता येतील अशा दिसल्या, आणि तिच्यातली धवलारीणही आतून टोचत होती. पाठ झालेलं असं मरू देणं तिच्या जातीला शोभणारं नव्हतं. तिनं पुढ्यात पेज ठेवली आणि म्हणाली, "जेवा. मंग सांगते. मला येतात."

"काय येतात?"

"मदर, मामा. सन, फियु. अलाइव्ह, वियु."

त्याच्या हातातली वाटी कलंडली. तुला कसे येतात, कधी शिकलीस, काहीही न विचारता त्यानं तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या दिवसापासून ती सांगायची आणि तो म्हणायचा. ती लहान पोराला शिकवावं तसं शिकवायची, चुकला तर मांडीवर चापट. बऱ्याच दिवसांनी त्या घरात हसू ऐकू आलं.

पण एक शब्द तिनं दिला नाही.

बाकी सगळे दिले. आई, मुलगा, जिवंत, बोट, भाकर, रडू नकोस, सगळे. गोष्ट खरी असेल तर तेवढ्यात आईचं भागेल, असा तिनं हिशेब केला. आणि खोटी असेल तर निदान हा एक तरी त्या बाईला मिळणार नाही. वाट बघ. तो शब्द सत्यवतीचा होता. लग्न झाल्यापासून तिनं दुसरं केलं काय होतं? रेवसच्या धक्क्यावर तिचा नवरा प्रत्येक खेपेला तिला तेवढंच सांगून लाँचमध्ये चढायचा. तेच तो आणखी एका बाईला सांगणार असेल, तर तिच्यापाशी उरलं काय?

"अजून येक होता गो," बुधाजी म्हणायचा. "शेवटाला. योन त्यो पुन्ना पुन्ना घोटून घ्यायचा."

"मी ऐकले तेवडे सांगितले," सत्यवती म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ओळ गाळली होती, तीही जाणूनबुजून.

आषाढाच्या तोंडावर तो बोटीवर गेला. त्या साली नि पुढच्या साली तिनं पुष्कळ लग्नं लावली.

बुधाजी परतला तो पुढच्या सालच्या दिवाळीनंतर, आणि काखोटीला एक मोठं बोचकं घेऊन. तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला तशी तिनं ते सोडलं. बाईचा केस सापडतो का, कसला वास येतो, तिनं आधी तेच पाहिलं. आत एक जाड लोकरीचा कोट होता, इकडच्या हवेत कुणी घालणार नाही असा. कोपराला रफू, इतकं बारीक की बोटाला लागलं पण डोळ्याला दिसलं नाही. दोन सदरे, एक टोपी, दाढीचा ब्रश. सगळं तरण्या पोराच्या मापाचं. घड्याघड्यांत कसलीशी वाळलेली फुलं होती, कपड्यांना कसर लागू नये म्हणून घातलेली.

बुधाजी दारात आला. रागावला नाही. खाली बसला.

"भेटली," तो म्हणाला. "तुज्यामुळं. म्हातारी हाय, येवडीशी. दारात हुबा ऱ्हायलो नि म्हनलो सगळं. मामा म्हनलो तवाच तिनं दाराला धरलं. वियु म्हनलो तवा माजा हात धरला. मंग ती येकच इचारत ऱ्हायली, येकच, पुन्ना पुन्ना. मला कळंना. मला काय जवाबच देता येईना. मी नुसता हुबा." त्यानं कोटाकडं बघितलं. "मंग तिचं तिलाच काय वाटलं कुनास ठाऊक. आत गेली, पेटी उघडली, त्याचं जे जपून ठेवलं हुतं ते सगळं मला दिलं. पेटी रिकामी केली. पोरगा आता येत न्हाय, त्यानं कापडं मागवलीत, असं समजली ती. कुनी इचारू नये म्हनून कोट मी अंगावर घालूनच बंदरात आलो."

सत्यवतीच्या मांडीवर कोटाची बाही होती. एवढं रफू करून, फुलं घालून कुणी कशासाठी ठेवतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"वेट," ती म्हणाली. "वेट... अश्त्याप्ता."

बुधाजीचं तोंड उजळलं. "ह्योच गो! ह्योच त्यो! अगं, कुठं गावला तुला?"

"हरवला न्हवता," सत्यवती म्हणाली. "मी ठेवला हुता."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. तो ओरडेल, हात उगारेल, म्हणून ती अंग आवळून बसली. तसं काही झालं नाही. त्यानं तिच्या मांडीवरची बाही काढून घेतली, कोटाची घडी केली, फुलं परत आत ठेवली.

"गोदीत कळलं, पुढल्या म्हयन्यात योनची बोट मुंबईला लागतेय," तो म्हणाला. "ह्ये मला त्याच्या हातात द्यायचंय. तवा त्याला काय सांगू, त्ये आता तू सांग."