ब्रेक डावीकडे

बॅरीचा ठोसा तोंडावर बसला आणि हॉरेसचे खालचे दोन दात तेलाच्या ट्रेमध्ये पडले.

"जेनिस कुठाय?" बॅरीने सासऱ्याची कॉलर पिरगळली.

"माझ्या घरात. आणि तिथेच राहील."

दुसरा ठोसा पोटात. त्रेसष्ट वर्षांचा हॉरेस ट्रँटर आपल्याच शेडमध्ये गुडघ्यांवर आला. विलेनहॉलच्या कुलपांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, पण कुणावर कधी हात उगारला नाही. काल लेक फुटका ओठ घेऊन दारात आली, तेव्हाच उगारायला हवा होता, असं त्याला आता मनापासून वाटत होतं.

शेजारी त्याची एकसष्ट सालची मोटरसायकल सुरूच होती. शनिवारी सकाळी कार्ब्युरेटर ट्यून करायचा त्याचा नेम. त्याने तिला नवी वायरिंग केली होती, पुढे रुंद ब्रेक बसवला होता, इंडिकेटर लावले होते. "वाट लावलीस की रे तिची!" जुन्या गाड्यांच्या क्लबातले शौकीन कुचकटपणे म्हणत. "तुमच्या गाड्या पुसायच्या, माझी कामाला जायची," हॉरेस म्हणे. एक गोष्ट मात्र त्याने बदलली नव्हती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. म्हणून कुणी फेरी मारायला मागितली, तर तो आधी अंगणात दहा चकरा मारायला लावी. "घाबरलं की पाय जुन्या सवयीवर जातो. ब्रेक डावीकडे, ध्यानात ठेव."

बॅरीने गाडीवर टांग टाकली. "पोरगी पाठव, मग गाडी ने, म्हाताऱ्या."

जेनिस स्वयंपाकघरातून धावत आली. ती याच गाडीवर शिकली होती.

बॅरीने सवयीने डावा पाय दाबला. काहीच झालं नाही. मग उजव्या पायाला चाचपडत गिअर सापडला. "असं होय! या भंगाराला काय अक्कल लागते?"

हॉरेसच्या तोंडात रक्त होतं आणि ते नेहमीचं वाक्यही होतं. त्याने जेनिसकडे पाहिलं. ती बॅरीच्या बुटाकडे पाहत होती. दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

बॅरी फाटकातून बाहेर पडला आणि उतारावरून सुसाट सुटला. उताराच्या तळाशी, कालव्याच्या पुलावर, एक ट्रक वळत होता. गाडी थांबलीच नाही. हॉरेस धापा टाकत पोहोचला तेव्हा बॅरीचं डोकं ट्रकच्या चाकाजवळ फुटलेलं होतं. उजवा बूट अजून गिअरच्या दांड्यात अडकला होता आणि दांडा पार खाली वाकला होता.

"त्यांना या गाडीची माहिती होती का?" पोलिसाने विचारलं.

"त्याला सगळं येत होतं," जेनिस म्हणाली. "कुणी काही सांगितलेलं त्याला खपायचं नाही."

हिवाळाभर हॉरेस गाडी दुरुस्त करत होता. दांडा त्याने तापवून सरळ केला. जेनिस पाने हातात देई. बॅरीचं नाव दोघंही काढत नसत.

मे महिन्यात कारखान्यातल्या पर्सीने फेरी मागितली. हॉरेसने सांगितलं, ब्रेक डावीकडे. दहा चकरा झाल्यावर पुन्हा सांगितलं. फाटकाशी पुन्हा.

"ऐकलं रे बाबा!" पर्सी हसला. "तीनदा झालं सांगून. सोड आता हँडल."

हॉरेसने हँडल घट्ट धरून ठेवलं आणि चौथ्यांदा सांगितलं.