बाबांच्या समाधीवरचं शेवाळ

तामोत्सु नागुरा निवृत्त झाले, तेव्हा कचेरीने त्यांना घड्याळ दिलं आणि बायकोने, कियोने, ताकीद दिली : दिवसभर पायात घुटमळायचं नाही. म्हणून ते शेवाळाचे गोळे करू लागले. चिकणमातीचा लाडू, त्यात नेच्याचं रोप, वरून शेवाळ, मग काळ्या दोऱ्याचे वेढे. तीन गोळे झाले. तिन्ही पिवळे पडले.

"अहो, तुमच्या कचेरीतल्या फायलींवर याहून बरं शेवाळ धरलं असेल," कियो म्हणाली.

गल्लीच्या रोपांच्या प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. चाळीस वर्षांत एकही बक्षीस न मिळालेल्या माणसाला हे एक हवंच होतं. कानाझावा शहरात शेवाळाला तोटा नाही. पण जे ते कुणाच्या तरी बागेतलं. हक्काचं म्हणावं असं एकच, देवळामागे वडिलांच्या समाधीवरचं. तीस वर्षांचं, मखमली. 'तामोत्सु बाबांकडे फिरकत नाही,' ही थोरल्या सुमाताईची जुनीच तक्रार. ते फिरकले. भातवाढणी घेऊन, गुडघे टेकून, सगळं शेवाळ अलगद सोलून घरी आणलं.

त्याच आठवड्यात पितरांचे दिवस आले. सगळी गल्ली समाध्या घासायला जमली. नागुरांच्या लखलखीत दगडापाशी भिक्षू थबकले.

"बघा! याला म्हणतात मुलगा. आमच्याआधी येऊन, एकट्याने!"

सगळे वाकले. तामोत्सु सगळ्यांहून खाली वाकले. चेहरा लपवायला तेवढीच सोय होती. सुमाताईने डोळे टिपले. "मी काय काय बोलले रे तुला!"

"असू दे, ताई," ते म्हणाले. कियोला अचानक खोकला आला.

बाबांकडच्या शेवाळाच्या नव्या गोळ्याला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. लाल फीत लागली. तामोत्सुंनी बैठकीतला कोनाडा आधीच पुसून ठेवला होता.

"कोनाड्यात?" सुमाताईने गोळा उचललासुद्धा. "एवढा बाबांचा लळा, आणि पहिलं बक्षीस बाबांना दाखवायचं नाही?"

"ताई, तिथे ऊन लागेल..."

"तिथे कसलं ऊन? तिथलं शेवाळ काय झकास वाढायचं, आठवत नाही? तू घासायच्या आधी!"

तामोत्सुंना चांगलंच आठवत होतं. ताईने गोळा समाधीवर ठेवला, हात जोडले आणि दर रविवारी त्याला पाणी घालायचं काम भावाकडे सोपवलं.

दोघं घराकडे परतली.

"अहो," वाटेत कियो म्हणाली, "रविवारी पाणी घालायला जाल, तेव्हा कोनाड्यासाठी फीत तरी काढून आणा."