पाऊण तासाचं नमन

"भिकन्या, हितं कापूस भरायचाय का मला कोंडायचंय?" केरबानं दारात चपला काढता काढता विचारलं.

प्रश्न रास्तच होता. कालपर्यंत ती जालना रोडवरची, दुसऱ्या मजल्यावरची ऑफिसची साधी खोली होती. मालक काकासाहेबांनी ती रविवारच्या एका दिवसापुरती, चारच्या आत चावी परत करायच्या बोलीवर भाड्यानं दिली होती. भिकननं सकाळपासून खपून तिचं पार रूप पालटलं होतं. मंडपाच्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या होत्या, खिडकीवर दोन घोंगड्या ठोकल्या होत्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबली होती. पंखा बंद. मधोमध सतरंजी, तिच्यावर माईक, आणि कोपऱ्यात ओळखीत मागून आणलेला मोठा टेपरेकॉर्डर. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि आत जीव नुसता उकडून निघत होता.

भिकन गेली तीस वर्षं लाऊडस्पीकरवाला. लग्न, उरूस, सभा, कुठंही जा, भोंगे त्याचेच. आवाज मोठा करणं त्याला झोपेतही जमलं असतं. आवाज धरून ठेवायचं काम मात्र तो आयुष्यात पहिल्यांदाच करत होता.

कारण उद्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात त्याच्या थोरल्या भावाच्या, केरबाच्या, गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ आवाजाच्या नळीवरच होती. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आज पाचला भरती, आणि भरती झाली की बोलणं बंद.

केरबाच्या गळ्यात एक ओवी होती. त्यांची पणजी बानाई दुष्काळात तीनशे मेंढरं घेऊन करमाडच्या माळावरून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पाण्याला कशी लागली, त्याची. चांगली दोन तासांची. कागदावर कुठंच नव्हती. बाप फकिरानं ती थोरल्याच्या गळ्यात घातली होती. धाकटा तेव्हा शहरात भोंगे बांधत होता. केरबाच्या पोरांनी मेंढरं विकली, एक ट्रकवर गेला, एक वाळूजला कंपनीत लागला. ओवी शिकायला कुणालाच वेळ नव्हता. "दादा, एकदा टेप करून ठिऊ," असं भिकन वीस वर्षं म्हणत होता. इतक्या वर्षांत या शहाण्याला एक दुपार सापडली नव्हती.

केरबानं कपाळाला भंडारा लावला, एक हात कानावर ठेवला आणि नमन सुरू केलं. नमनावाचून ओवी म्हणायची नाही, हा घराचा नेम. आधी बिरोबा, खंडोबा, सटवाई, मग गावाची शीव, वाटेतले पाणवठे, आणि मग ती ओवी ज्यांच्या ज्यांच्या गळ्यातून आली ते सगळे पूर्वज. पिढीगणिक नावं वाढत गेली होती. पाऊण तास लागायचा.

आवाज चिरका झाला होता, पण लागला होता. भिकनच्या अंगावर काटा आला. अर्धा तास तो भावाकडे बघतच राहिला, आणि मग कुठं त्याला हेडफोनात ती बारीक गुणगुण ऐकू आली. वरची ट्यूबलाइट. ती विझवायचीच राहिली होती. तीस वर्षांच्या सवयीनं, 'थांबा' अशी खूण करत, त्याचा हात वर गेला.

केरबा थांबला. क्षणभर त्याला काय झालं तेच कळेना.

"ट्यूबचा आवाज येतोय, दादा. विझवतो. फुडून म्हण, मी टेप जोडून घेतो."

"जोडून?" केरबानं दोन्ही हात जोडले, ते भिकनला नव्हे. "नमन तुटलं, येड्या. देवाला ठिगळ लावतोस व्हय?"

"ऱ्हाऊ दे मंग नमन. थेट ओवीच घे की. गळा किती टिकंल?"

"बिनानमनाची घेतली तर ती बानाईची नाय, कुनाची बी झाली."

लहानपणी बापाचं नमन मेंढराच्या ओरडण्यानं तुटलं, तेव्हा बापानं पहाटे ते पुन्हा पहिल्या देवापासून धरलं होतं. भिकनला ते चांगलं आठवत होतं. तरी त्याचा हात वर गेला होता.

केरबा घोटभर पाणी प्याला आणि पुन्हा बिरोबापासून निघाला. खोलीत आता एका बल्बचा मिणमिणता उजेड होता. घाम डोळ्यांत उतरत होता. एकही नाव त्यानं गाळलं नाही. शेवटी बाप फकिराचं नाव आलं, नमन पुरं झालं. टेपवर ते काचेसारखं स्वच्छ उतरलं होतं.

"बानाई निघाली," केरबा म्हणाला, आणि आवाज फाटला. रेकॉर्डरवरची आवाज दाखवणारी सुई पडली ती उठेना.

मग दोघांनी काय काय केलं नाही! गूळ झाला, कोमट पाणी झालं, अर्धा तास गप्प बसून पाहिलं. भिकननं माईक अगदी ओठांना लावला. टेपवर फुसफुस तेवढी आली. चार वाजायला आले तेव्हा काकासाहेबांनी दार वाजवलं.

"झालं का मनासारखं?"

"झालं," भिकन म्हणाला. दुसरं काय सांगणार होता तो?

गाद्या तशाच ठेवून त्यानं रिक्षा थांबवली. रिक्षा सुटली तसा केरबा त्याच्याकडे सरकला, तोंड त्याच्या कानाला लावलं आणि ओवी भराभर, थोडक्यात सांगू लागला. गाणं नाही, नुसता श्वास. बोटं भिकनच्या गुडघ्यावर ताल धरत होती. भिकन जीव एकवटून ऐकत होता, पण खाली इंजिन खडखडत होतं, शेजारून ट्रक जात होते, आणि कानाला लागत होती ती फक्त भावाची गरम वाफ. थांब म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आज एकदा थांबवून झालं होतं. केरबा दम घ्यायला थांबला की तो "हं" म्हणत राहिला.

क्रांती चौक गेला. हं. पुढचा पूल गेला. हं.

घाटीच्या दारात रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदा शब्द ऐकू आले.

"...अन् समदी मेंढरं पोटभर पाणी प्याली. सरली ओवी." केरबा मागं टेकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऱ्हाईल ना ध्यानात?"

"व्हय दादा," भिकन म्हणाला. "समदी ऱ्हाईल."

केरबानं मान हलवली, पटका नीट केला आणि भावाचा हात न धरता तो दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागला.