विल्फच्या पँटची झोळी

मित्रांनो, पिंजऱ्यात टांगलेली ही मळकट झोळी दिसते ना, ती मी. जन्माने मात्र मी पँट आहे, चांगल्या जाड कॉर्डरॉयची. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावात विल्फ नावाचा एक खाणकामगार मला घालायचा. मुंगसासारखे लांबुळके, लवचिक फेरेट त्याने आयुष्यभर पाळले, सशांच्या बिळात सोडायला. शिकारीला जाताना तो त्यांना माझ्यातच दडवून न्यायचा. विल्फ गेल्यावर त्याच्या बायकोने, हिल्डाने, माझा एक पाय कापला, आतून लोकरीचं अस्तर लावलं, कोपऱ्यांना कड्या शिवल्या आणि मला परसातल्या शेडमधल्या पिंजऱ्यात टांगलं.

"नवऱ्याची पँट जनावरांना देतेस? काहीतरीच बाई तुझं!" शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"अगं, तो घालायचा तेव्हाही यात फेरेट असायचेच," हिल्डा म्हणाली. "आता निदान त्यांना ऐसपैस जागा मिळेल."

त्या शेडमध्ये तिने बेघर फेरेटांसाठी आसरा उघडला होता. कुणी हौसेने पिल्लू आणायचं आणि वास येतो म्हणून खोक्यात घालून आमच्या फाटकाशी ठेवून जायचं. शिकारीला नेलेले काही माळावरच हरवायचे आणि हाडांचा सापळा होऊन आमच्याकडे यायचे. सुरुवातीला मदतीला गावातली बरीच माणसं यायची. पिंजरे घासायची, फेरेटांच्या पोटावर माशाचं तेल लावून, ती जनावरं ते चाटण्यात दंग असताना त्यांची नखं कापायची. मला धुऊन दोरीवर वाळत घालायची. माझं कौतुकही व्हायचं, कारण नवीन आलेलं, थरथरणारं जनावर माझ्यात शिरलं की शांत व्हायचं. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटायचा.

फेरेटांची झोप विलक्षण असते. उचला, हलवा, मान लोंबकळते, डोळे उघडत नाहीत. मदतीला आलेलं प्रत्येक नवीन माणूस पहिल्या आठवड्यात कधी ना कधी किंचाळत स्वयंपाकघरात धावायचं, "मेला हो हा!" मग सगळे हसायचे. हिल्डा म्हणायची, "आधी चहा घे. तुझा चहा संपेपर्यंत जिवंत होतो की नाही बघ!" आणि खरंच तो फेरेट लांबलचक जांभई देऊन उठायचा. या थट्टेतून कुणीच सुटलं नाही. ज्याची थट्टा झाली तो आपल्यातला झाला, असंच तिथे मानलं जायचं.

हळूहळू माणसं गळाली. कुणाचं घर बदललं, कुणाच्या गुडघ्यांनी दगा दिला, कुणाला नुसता कंटाळा आला. शेवटी हिल्डा आणि डेरेक नावाचा एक निवृत्त बसचालक, एवढेच उरले. पिंजरे मात्र भरलेलेच होते. दोघं सकाळपासून घासत राहायची. कोण जेवलं, कोण नुसतंच ताटलीशी बसून राहिलं, हे बघायला त्यांना सवड नसायची. माझा शिवणीकडचा भाग उसवला होता, तोही तसाच राहिला.

माझ्यात तेव्हा पिकल आणि मार्बल राहायचे. पिकल म्हातारी, मार्बल तिचा जोडीदार. दोघं एकाच खोक्यातून आली होती आणि एकमेकांच्या गळ्यात गळा घालून झोपायची. पिकलला रक्तातली साखर अचानक उतरण्याचा आजार होता. अशा वेळी हिरड्यांना मध चोळला की फेरेट सावरतो. मधाची बाटली दाराजवळच्या फळीवर असायची.

त्या सकाळी टॅमसिन नावाची नवी मुलगी मदतीला आली होती. कितीतरी महिन्यांनी कुणी नवीन आलं म्हणून हिल्डा अगदी हरखून गेली होती. टॅमसिनने माझ्यात हात घातला, पिकलला बाहेर काढलं आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी धावली.

"मावशी, ही उठत नाहीये! गार लागतेय हाताला!"

आतून डेरेक खदखदून हसला. "आली हो, हिचा पण नंबर लागला! ये बाळा, टोस्टला लोणी लावलंय."

"पण तोंडातून लाळ गळतेय..."

"झोपेत तूही गाळत असशील," हिल्डा हसत म्हणाली. "ठेव तिला जागेवर आणि चहा घे."

टॅमसिन ओशाळली. मग तीही हसली. तिने पिकलला परत माझ्यात ठेवलं, वरून अस्तर नीट ओढलं आणि ती चहाला गेली.

मला सगळं कळत होतं. झोपलेल्या फेरेटचं वजन मी वर्षानुवर्षं पेललं होतं, तो श्वास मला पाठ होता. हा तो नव्हता. पिकलचे पाय एकदा ताठले, मग सैल पडले. आत कपबशा वाजत होत्या, हसणं ऐकू येत होतं. माझ्या अस्तरातली तिची ऊब कमी होत गेली आणि मी नुसती लोंबकळत राहिले. मला फार फार वाईट वाटलं.

चहानंतर हिल्डा ताटली घेऊन आली. तिने पिकलला हात लावला आणि ताटली टाकून मधाची बाटली ओढली. चोळलेला मध हिरड्यांवर तसाच राहिला.

मेलेल्या फेरेटला त्याच्या जोडीदाराला दाखवायचं, अशी इथली रीत आहे, नाहीतर तो शोधत फिरतो. हिल्डाने पिकलला टॉवेलवर ठेवलं. मार्बलने तिला हुंगलं, मानेला धरलं आणि माझ्याकडे ओढत आणायचा प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा केला. डेरेकला ते बघवेना, तो अंगणात जाऊन उभा राहिला.

"तिला कळलं होतं," हिल्डा म्हणाली. "त्या पोरीला कळलं होतं, आणि आपण हसलो."

टॅमसिन कोपऱ्यात रडत होती. हिल्डाने तिला जवळ घेतलं, "तुझं काही चुकलं नाही गं," असं कितीदा तरी सांगितलं. पण टॅमसिन पुन्हा आली नाही. हिल्डाने फोन केले, तेही तिने उचलले नाहीत. मार्बलने अन्न सोडलं आणि महिनाभरात तोही गेला.

आता हिल्डा झोपलेल्या प्रत्येकाला हलवून जागं करते. ते चिडून चावतात, ती चावू देते. मित्रांनो, तुमच्या गावात असा कुठला आसरा असेल तर आठवड्यातून एक सकाळ तरी तिथे जा. तिथे हात कमी आहेत आणि डोळे त्याहून कमी. आणि तुमच्यात कुणी नवखं घाबरून धावत आलं, तर हसण्याआधी जाऊन बघा. मी कापड आहे, मला ओरडता आलं नाही. टॅमसिन ओरडली होती.