हळदीचं कुंकू आणि चिमणीतली जाळी

त्या थंडीत सातपूरला एका कारखान्याच्या कुंपणालगत देवीपुढे रोज सकाळी रांग लागू लागली. पहिल्या पाळीचे कामगार डबे सांभाळत उभे राहत, फुलबाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन. देवीपुढची ओली हळद कुणाचा हात न लागता लाल होत होती.

देवीचे पुजारी चिमाजीबाबा समजावत, आईनं हळद घेतली, कुंकू दिलं. हे डोळ्यांना लावा, चष्मा जाईल, नवऱ्याच्या कपाळी लावा, बाटली जाईल. आठवड्यातून एक दिवस आई मौन पाळते, तेव्हा हळद पिवळीच राहते. हा मौनवार नेमका कारखान्याच्या सुट्टीला यायचा, पण कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. यादवरावांनाही नाही.

यादवराव त्याच कारखान्यात केमिस्ट होते. बॉयलरच्या धुरातला कर्बवायू अमाइन नावाच्या द्रावणात धरायचा, मग तापवून सोडवायचा आणि सोडावॉटरवाल्यांना विकायचा, असं तिथलं काम. द्रावण पुन्हा पुन्हा वापरात येई, पण तीन महिने ते भराभर आटत होतं. यादवरावांनी जाडजूड पुस्तकं चाळून अहवाल दिला, की चिमणीत जाळी आहे, तिच्यातून थेंबही जाणार नाही. तेव्हा ही चोरीच. नाव लिहायचं धाडस त्यांना झालं नाही, पण स्टोअरची किल्ली तिथल्या एकट्या कामगाराकडे, भिकनकडे असे. सोमवारी त्याला कामावरून काढायचं ठरलं.

शुक्रवारी यादवराव बाबाची लबाडी उघडी पाडायला निघाले. बाबा हळदीत चुना कालवत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. चारचौघांत जीभ टाळ्याला चिकटते म्हणून भाषण चिठ्ठीवर उतरवलं होतं. घरून आणलेली हळद त्यांनी स्वतः कालवली, ताटलीत पसरली आणि शेजारीच बसून राहिले. तासाभरात ती तांबूस झाली, मग लाल. यादवरावांचे हात आपसूक जुळले. तीस वर्षांचं रसायनशास्त्र एका ताटलीपुढे वाकलं.

फुलं विकणारी भागीबाई हे बघत होती. ती म्हणाली, "सायेब, राग नका मानू. तुमच्या शर्टाला येतो तोच वास आईच्या अंगाला कसा काय येतो? कुजक्या मासळीवानी."

यादवरावांनी ताटली हुंगली आणि वर पाहिलं. चिमणीतून निघालेलं पांढरं धुकं वाऱ्यानं देवीवरच कलत होतं. अमाइनही चुन्यासारखंच अल्कधर्मी, त्यानं हळद लाल होणारच. देवीपुढचंच एक लिंबू त्यांनी लाल हळदीवर पिळलं. हळद पुन्हा पिवळी झाली.

"आई कोपली," बाबा म्हणाले.

"लिंबाला भ्याली म्हना की," भागीबाई म्हणाली.

लोक हसले. यादवरावांची चिठ्ठी खिशातच राहिली. ते अडखळत बोलले, "मच्छरदाणी डास अडवते, उदबत्तीचा धूर अडवत नाही. आमची जाळी मोठे थेंब अडवते. धुरातल्या अगदी बारीक कणांवर द्रावण बसतं, त्याचं धुकं होतं आणि ते जाळीतून निघून जातं. हे डोळ्यांना लावू नका, इजा होईल."

"आत्ता तर हात जोडले होते तुम्ही," बाबा म्हणाले.

"जोडले. तीन महिने त्या जाळीलाही जोडत होतो."

तिथून ते छपरावर चढले. वाऱ्याच्या एका अंगाला ओल्या हळदीची एक ताटली मांडली, दुसऱ्या अंगाला दुसरी. धुक्याच्या बाजूची तेवढी लाल झाली. दोन्ही ताटल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, की भिकननं काही नेलेलं नाही, द्रावण हवेत जातंय आणि चूक माझी आहे. मग स्टोअरमध्ये जाऊन सगळ्यांदेखत भिकनची माफी मागितली.

भिकननं पिंपावर हात ठेवला. "सायेब, मला चोर ठरवायच्या आधी एकदा छपरावर चढला असता तर?"

बाबांकडे निदान देवी तरी होती; यादवरावांकडे नुसतं पुस्तक होतं आणि त्याच्यावरची आंधळी श्रद्धा.

वाचकहो, बाबांना प्रश्न विचारा, जरूर विचारा. पण शिकलेला माणूस छातीठोकपणे काही सांगू लागला, तर त्यालाही विचारा: तुम्ही स्वतः पाहिलंत का?